कड्यावरची साठ पावलं

"फेटा सोड," मानसिंगराव म्हणाले.

सुभानरावांनी आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं. मागच्या वाटेवर कोणी नव्हतं. पुढे त्यांची बायको कौशल्याबाई आणि होणारे व्याही तुकोजीराव केव्हाच वळण घेऊन दिसेनासे झाले होते. पावागडाच्या माचीपासून वर आल्यावर वाट इथे कड्याला चिकटून जात होती. उजव्या हाताला उभा काळा दगड, डाव्या हाताला काही नाही. पूर्वी तिथे कमरेएवढा कठडा होता म्हणे, पण मागच्या पावसाळ्यात तो खाली गेला आणि त्याच्या जागी कोणीतरी शेंदूर फासलेले चार धोंडे मांडून ठेवले होते. एवढ्यावर भाविकांनी काय ते समजून घ्यावं.

"इथंच सोडू?" सुभानरावांनी विचारलं.

"मग काय देवीपुढं सोडणार? दोरी आणतो म्हणालो तर तूच नको म्हणालास. दोरी बघून माणसं विचारतील, म्हणालास. आता कर जल्दी, कोणी यायच्या आत."

तेही खरंच होतं. सुभानरावांनी फेटा उतरवला. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात घराबाहेर, उघड्या आभाळाखाली त्यांचं डोकं असं बोडकं झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. नऊ हात लांबीचा तो किरमिजी फेटा मानसिंगरावांनी पिळला, त्याचं एक टोक सुभानरावांच्या कमरेला बांधलं आणि दुसरं आपल्या कमरेला बांधून गाठ त्यांच्यापुढे धरली.

"बघून घे. बराबर आहे ना? आता ऐक. तोंड कड्याकडं, उजवा हात दगडावर. खाली बघायचं नाही. फेटा ढिला ठेवायचा. ताणलास तर मी मागं खेचला जाईन, आणि दोघंही कालिकेच्या आधी यमाला भेटू. मी बोलत राहतो, माझ्या आवाजावर ये."

"सोडणार नाहीस ना?"

"कालिकेची आण."

सुभानरावांना हसायला आलं नाही, पण धीर आला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर पस्तीस वर्षांपासूनचा मित्र होता, आणि तोही रोज दीडशे जोर काढणारा.

सुभानराव संस्थानच्या मोजणी खात्यात नकाशे काढत. बावीस वर्षं काढत होते. मोजणीदार रानावनात हिंडून वह्या भरून आणत आणि सुभानराव खुर्चीत बसून त्या वह्यांवरून नकाशा उतरवत. त्यात त्यांची खासियत डोंगर. डोंगराचा उतार दाखवायला केसासारख्या बारीक रेघा ओढाव्या लागतात. चढ जितका उभा तितक्या रेघा दाट. दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखाचा कागद आला की साहेब म्हणत, हा सुभानरावांना द्या. त्या रेघा इतक्या जिवंत यायच्या, की नवे कारकून कागदावरच्या कड्याला बोट लावून बघत. आणि एवढे डोंगर उभे करणारा हा माणूस स्वतःच्या घराच्या गच्चीवर गेला नव्हता.

भीती कधीपासून होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पडू, अशी ती भीती नव्हती. उंचावर उभं राहिलं की तळपायाला गुदगुल्या सुरू होत, गुडघ्यातलं पाणी निघून जाई आणि वाटू लागे, की आता हे पाय आपलं ऐकणार नाहीत, खालच्याचं ऐकतील. स्वतःच्याच पायांचा भरवसा नाही, हे दुसऱ्याला कसं सांगायचं? त्यातून घराणं शिलेदारांचं. गायकवाडांच्या फौजेबरोबर गुजरातेत आलेलं. तोंडात तलवार धरून किल्ल्याच्या तटावर पहिल्यांदा चढले ते सुभानरावांचे पणजोबा. किल्ला कोणता, यावर घरात एकमत नव्हतं. पण चढले होते, हे नक्की होतं. दांडिया बाजारातल्या घरी ही कथा दर दसऱ्याला होई आणि सुभानराव मान खाली घालून ती ऐकत.

संक्रांतीला उभं बडोदं गच्चीवर असे. लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे पतंगाच्या मागे, आरडाओरड, तिळाच्या चिक्क्या, शेजारच्या गच्चीवरून उंधियूची ताटं. सुभानराव खाली ओटीवर बसून राहत. "घरात कोणीतरी नको का?" असं म्हणत. चोवीस संक्रांती त्यांनी हेच वाक्य कौशल्याबाईंना ऐकवलं. त्यांनीही कधी विचारलं नाही, की दार लावून घेतलं तर घर काय पळून जाणार आहे का.

मग तीन वर्षांमागे मुलीला, अहल्येला, विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ताप उतरेना तेव्हा कौशल्याबाईंनी पावागडच्या कालिकेला नवस बोलला. नवस बोलताना बायका बहुतेक स्वतःला बांधून घेतात, मीठ सोडतात, चप्पल सोडतात. कौशल्याबाई वेगळ्या. पोर वाचली तर तिचे बाबा पायथ्यापासून पायी चढून येतील आणि स्वतःच्या हातानं तुला चुनडी चढवतील, असं त्या बोलून बसल्या. पोर वाचली. बाबांना तेव्हापासून ताप चढला तो उतरला नाही.

पहिल्या वर्षी गुडघा दुखला. दुसऱ्या वर्षी रजा मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी लांबच्या चुलत्याचं सुतक आलं आणि सुभानरावांनी त्या चुलत्याला मनातल्या मनात दुवा दिला. यंदा मात्र पळवाट राहिली नाही. अहल्येचं लग्न तरसालीच्या तुकोजीरावांच्या मुलाशी ठरलं होतं, वैशाखातली तिथी धरली होती, आणि बैठकीत कौशल्याबाईंच्याच तोंडून नवसाची गोष्ट निघाली. तुकोजीराव जुन्या वळणाचे. देवीचं बोललेलं राहिलं असताना सून घरात आणायची नाही, आधी नवस फेडा, मग अक्षता, असं ते म्हणाले. शिवाय हौसेनं पुढे म्हणाले, की मीही येतो, तेवढंच दर्शन होईल.

त्या आठवड्यात सुभानरावांना जेवण गेलं नाही. शेवटी एका संध्याकाळी ते व्यायामशाळेत गेले. मानसिंगराव तिथे मुलांना मल्लखांब शिकवत. नोकरीनं ते संस्थानच्या घोडदळात दफेदार. मुलं गेल्यावर हौदापाशी बसून सुभानरावांनी सगळं सांगितलं. बायकोला न सांगितलेलं, आईला न सांगितलेलं. गच्चीचं, पायांचं, पणजोबांचं. बोलताना त्यांना घाम फुटला होता. मानसिंगराव हसले नाहीत. सुभानरावांना सगळ्यात जास्त बरं वाटलं ते याच गोष्टीचं. ते फक्त म्हणाले, "गभराऊ नकोस. मी नेतो तुला. कोणाला कळणार नाही."

"कौशल्येला तर मुळीच नाही."

"वहिनींना कशाला सांगतोय मी?"

मग तीन आठवडे रोज सकाळी सुभानराव पागेत जाऊ लागले. तिथे गवताचा माळा होता आणि त्याला शिडी होती. मानसिंगराव मागून पाठीला हात लावून उभे राहत आणि सुभानराव एक एक पायरी चढत. पहिल्या दिवशी तीन. आठवड्यानंतर सात. पाठीवर तो रुंद, गरम पंजा असला की पाय ऐकत, पंजा असल्याची खात्री करायला ते दर पायरीला विचारत, "आहेस ना?" आणि मानसिंगराव म्हणत, "आहे." विसाव्या दिवशी ते माळ्यावर पोचले आणि गवतात बसून लहान मुलासारखे रडले. घरी जाताना कोटाला गवताच्या काड्या चिकटलेल्या असत. मानसिंगनं नवी घोडी घेतलीय, ती बघायला जातो, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं. कौशल्याबाई काड्या वेचता वेचता घोडीची चौकशी करत. रंग कसा, वय काय, खोडी करते का. एकदा त्यांनी नाव विचारलं तेव्हा सुभानरावांनी सुचेल ते नाव सांगून टाकलं, बिजली.

असे ते पावागडावर आले होते. पहाटे बडोद्याहून निघाले, चांपानेर रोडला गाडी बदलली, छोट्या गाडीनं पायथ्याला उतरले. माचीपर्यंत वाट रुंद होती, झाडी होती, तोवर काही वाटलं नाही. आता हा कडा.

"चल," मानसिंगरावांचा आवाज आला.

सुभानरावांनी दगडावर हात ठेवला. चैत्राचं ऊन अजून तापलं नव्हतं, दगड गार होता. नाकासमोर चार बोटांवर दगड, त्यातल्या भेगा, भेगेतलं वाळलेलं शेवाळ, एवढंच जग त्यांनी धरून ठेवलं. डाव्या हातात फेट्याचा पीळ होता. एक पाऊल. दुसरं. पाठीमागून वारा येत होता आणि वाऱ्याबरोबर फार खालून कोणाच्या तरी गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. इतक्या खालून, की त्या ऐकूच येऊ नयेत असं त्यांना वाटलं.

"सतरा झाली. मजेत आहे ना रे?"

"आहेस ना?"

"आहे, आहे. ये."

मध्ये एके ठिकाणी वाट हातभरच राहिली होती. तिथे सुभानरावांचा पाय थांबला. तळव्यात ती गुदगुली उठली. त्यांनी डोळे मिटले, हातातला फेटा घट्ट धरला आणि स्वतःला सांगितलं, दुसऱ्या टोकाला मानसिंग आहे. त्याला मी पाहिलंय. गाठ पाहिलीय. पाय माझा नसला तरी तो माझा आहे. पाय उचलला गेला.

"पन्नास. आलाच तू."

मग दगड हाताखालून बाजूला सरकला, वारा पडला, पायाखाली माती आली. वळण संपलं होतं. सुभानरावांनी मोठा श्वास सोडला आणि मित्राला खूण म्हणून फेटा ओढला. फेटा आला. सगळाच आला. मातीतून फरफटत त्याचं दुसरं टोक त्यांच्या पायाशी येऊन पडलं.

त्यांनी वर पाहिलं. दहा हातांवर पिंपळाखाली मानसिंगराव हाताची घडी घालून उभे होते. शेजारी कौशल्याबाई, शेजारी तुकोजीराव. तिघंही त्यांच्याकडे बघत होते, आणि तिघांच्याही तोंडावर हसू होतं.

"साठ पावलं," मानसिंगराव म्हणाले. "गाठ मी पहिल्याच पावलाला सोडली. साठच्या साठ तुझी."

तुकोजीराव मोठ्यानं हसले. "मानसिंगराव म्हणाले गंमत दाखवतो. शाबास, व्याहीबुवा."

कौशल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं होतं. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बघा. झालं का काही? उगाच इतकी वर्षं."

सुभानरावांनी फेट्याचं टोक उचललं आणि त्यावरची माती झटकली. त्यांना काही कळायला वेळ लागत होता. आधी कळलं ते एवढंच, की आपण त्या हातभर वाटेवर डोळे मिटून उभे होतो तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. ते कळलं आणि मघाशी कड्यावरून चालत आलेल्या त्यांना आता सपाट जमिनीवर उभं राहवेना. ते पिंपळाच्या पाराला टेकले.

"तुला कोणी सांगितलं?" त्यांनी बायकोला विचारलं.

कौशल्याबाईंनी मानसिंगरावांकडे पाहिलं. "भाऊजींनी."

"कधी?"

"शिमग्याच्या आधी." त्यांचं हसू थोडं कमी झालं. "असं काय बघता? चांगल्यासाठीच ना? मीच म्हटलं भाऊजींना, एकदाची काढून टाका त्यांची भीती. लग्नकार्य येतंय, चार सोयऱ्यांत जायचंय."

म्हणजे हौदापाशी बोलल्याला चार दिवसही झाले नव्हते. म्हणजे ती तीन आठवडे कोटावरच्या काड्या वेचत होती ते सगळं माहीत असून. घोडीचं वय विचारत होती, रंग विचारत होती, खोडी करते का विचारत होती. बिजली नाव ऐकून ती म्हणाली होती, "छान आहे." सुभानरावांना त्या नसलेल्या घोडीची इतकी लाज वाटली, की त्यांनी मान फिरवली. भीतीची सुद्धा त्यांना कधी तेवढी लाज वाटली नव्हती.

मानसिंगराव जवळ येऊन बसले. मित्राचं काहीतरी बिनसलंय हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण काय बिनसलंय ते नव्हतं. ते समजावू लागले. आखाड्यात ते पोरांना असंच शिकवतात. पोर मल्लखांबावर उलटं झालं की कमरेला हात द्यायचा, महिना महिना द्यायचा. मग एक दिवस तोंडानं आहे आहे म्हणत हात काढून घ्यायचा. पोराला कळतसुद्धा नाही. त्यांच्या उस्तादांनी त्यांना असंच शिकवलं, उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी.

"आजवर एक पोरगं पडलं नाही," ते म्हणाले. "साचं सांगतो."

"त्या पोरांना तू देवीची आण देतोस?"

 मानसिंगरावांना खरं म्हणजे प्रश्नच पुरता उमगला नव्हता. ते मनानं वाईट नव्हते. वाईट माणसानं दगा दिला तर त्याला शिव्या घालता येतात, चार लोकांत सांगता येतं. केसानं गळा कापणारे लोक असतात, हे सुभानराव ऐकून होते; पण इथे गळा कापणाऱ्याला वाटत होतं की आपण मालिश केली. आणि तक्रार करायची तर कोणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढची चढण पायऱ्यांची होती, दोन्हीकडे माणसं होती. सुभानराव तुकोजीरावांच्या मागोमाग चढले. फेटा त्यांनी परत डोक्याला बांधला नाही. घडी करून खांद्यावर टाकला होता. तुकोजीरावांनी एक-दोनदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग ते हसायचे थांबले. देवळात गर्दी बेताची होती. सुभानरावांनी स्वतःच्या हातानं चुनडी चढवली, पोर वाचवलीस म्हणून हात जोडले. आणखी काही मागायचं त्यांच्या मनात होतं, पण मागवेना. जिची आण वाहिली ती समोर डोळे वटारून बसली होती आणि वाहणारा बाहेर प्रसादाचा पेढा खात होता. तिनंच काही केलं नाही, तर सुभानरावांनी काय करावं?

नवस फिटला. कौशल्याबाईंनी गुरवाकडून अंगारा बांधून घेतला. आता लग्नाला कोणाची हरकत उरली नव्हती. सगळं हवं तसं झालं होतं.

उतरताना दुपार झाली. पिंपळाशी आले तेव्हा ऊन चढून कडा तापला होता. आता उतरण होती, म्हणजे दरी नजरेसमोरच. वळणावरून पुढचं सगळं दिसत होतं, चांपानेरची पडकी मशीद, तळं, शेतांचे तुकडे. सुभानरावांनी असा देखावा कागदावर शंभरदा काढला होता. त्यांना वाटलं, रेघा बरोबर होत्या.

मानसिंगराव दोन पावलं पुढे जाऊन थांबले आणि त्यांनी हात मागे केला. "ये. या वेळी खरंच धरतो."

हा तोच हात होता. पागेतल्या शिडीवर पाठीला लागलेला. त्याच्या जिवावर सुभानराव माळ्यावर चढले होते आणि अजून कुठेही चढले असते. त्यांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. तो खरंच धरेल, हे त्यांना ठाऊक होतं. पण प्रत्येक पावलाला विचारावं लागलं असतं, आहेस ना, आणि तो म्हणाला असता, आहे. आणि त्या शब्दाचा आता काही उपयोग नव्हता.

"तू हो पुढं," ते म्हणाले. मग बायकोला म्हणाले, "तूही जा."

कौशल्याबाई म्हणाल्या, "अहो, पण सकाळी आलात ना तुम्ही एकटे? मग आता काय?"

"सकाळी मी एकटा नव्हतो. तुम्ही मला एकटं केलंत."

 मानसिंगरावांच्या मागून कौशल्याबाई खाली मान घालून चालत गेल्या आणि वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. आता पिंपळाखाली दोघंच उरले. ज्या माणसापुढे हे झाकायला सुभानरावांनी एवढा खटाटोप केला होता, नेमका तोच माणूस काठी टेकून शेजारी उभा होता.

"तुकोजीराव," सुभानराव म्हणाले.  "मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. आमच्या घरात कोणी तटावर चढलं असेल नसेल, मला ते जमत नाही. मी बसून जाणार आहे. तुम्हाला सोयरिकीत याचं काही वाटत असेल तर आत्ताच सांगा."

 तुकोजीरावांनी डोक्याचा फेटा नीट दाबून बसवला, काठी बगलेत मारली आणि धोतराचा सोगा वर खोचला.

"सकाळी चढताना मी कडा धरूनच आलो," ते म्हणाले. "तुमच्या मंडळींना बोलण्यात गुंतवलं म्हणून त्यांना दिसलं नाही. उतरताना माझे गुडघे साथ देत नाहीत. चला, बसा. तुम्ही पुढं, मी तुमच्या मागं."

सुभानरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. महिन्यापूर्वी हे कळलं असतं तर! तर हौदापाशी जावं लागलं नसतं, शिडी लागली नसती, बिजली लागली नसती. ज्याची धास्ती घेतली तो परका माणूस धूळ झटकून शेजारी बसत होता, आणि ज्यांच्यावर जीव टाकला ती घरची माणसं वळणापलीकडे उभी होती.  मग ते खाली बसले.

दोन पोक्त मराठे, एकाच्या डोक्याला फेटा आणि एकाचं डोकं उघडं, तापल्या दगडाला पाठ घासत, हाताचे पंजे टेकत, बुडावर सरकत निघाले. या वेळी सुभानरावांनी डोळे मिटले नाहीत. आता दरी पायांच्या पुढेच होती. तिच्याकडे बघावं लागत होतं. तळव्यांना गुदगुल्या होत होत्या, छाती धडधडत होती आणि हे सगळं होत असताना हात पुढे टेकत होता, अंग पुढे येत होतं. भीती गेली नव्हती. ती बरोबर येत होती.

मध्यावर समोरून एक भिल्लीण आली, डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन. ती कड्याला चिकटून उभी राहिली. सुभानरावांनी तिच्या पायांशी येऊन वर पाहिलं. ती हसली नाही. रोज दोनदा याच वाटेनं जाणाऱ्या माणसाला या वाटेत हसण्यासारखं काही दिसत नसावं.

"धीमे, भाई, धीमे," ती म्हणाली. "कोई उतावळ नथी."

घाई नाही एवढंच सांगून ती त्यांना ओलांडून गेली. तुकोजीराव मागून धापा टाकत होते आणि मधूनमधून कालिकेचं नाव घेत होते. सुभानरावांचं धोतर कुठेतरी फाटलं. हातभर वाटेची जागा आली आणि गेली. तिथे त्यांनी कोणालाही विचारलं नाही, आहेस ना.

वाट रुंद झाली तशी पुढे शेंदूर फासलेले धोंडे दिसले आणि त्यांच्यापाशी कौशल्याबाई उभ्या दिसल्या. मानसिंगराव बाजूला झाडाखाली पाठ करून बसले होते. कौशल्याबाई खूप वेळ रडल्या असाव्यात, डोळे लाल होते. त्या दोन पावलं पुढे आल्या, वाकल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडं हात," त्या हळूच म्हणाल्या.

सुभानरावांनी तो हात पाहिला. चोवीस वर्षं रोज पानात वाढणारा, आजारपणात कपाळावर ठेवलेला, हिरव्या बांगड्यांचा. तो हात धरावा असं त्यांच्या मनात फार आलं. धरून उठावं, आणि सगळं विसरून तिच्या खांद्यावर डोकं टेकावं. त्यांचा उजवा पंजा जमिनीवरून उचललाही गेला. मग तो पुन्हा जमिनीवर टेकला. दगडाचा आधार घेऊन, एक गुडघा, मग दुसरा, असे ते आपले आपण उठले. धोतराची धूळ झटकली. मागे वळले, पुन्हा त्या कडेशी दोन पावलं गेले, वाकले आणि अजून पाच हातांवर सरकत येणाऱ्या तुकोजीरावांपुढे त्यांनी आपला हात धरला.

तुकोजीरावांनी तो न बघता घट्ट पकडला.

कौशल्याबाईंचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यांनी त्याच हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या वाट मोकळी करून बाजूला उभ्या राहिल्या.